गोव्याच्या घरासाठी नवा टीव्ही: निवड, जोडणी आणि आवाजाची व्यवस्था

नवा टीव्ही घ्यायचे ठरले की घरात पहिली चर्चा इंचांची आणि किमतीची होते. आवाजाचा विचार सुरू होतो तो टीव्ही भिंतीवर चढल्यानंतर, घरातल्या ज्येष्ठांना संवाद नीट ऐकू येईनासे झाल्यावर. हा क्रम बदलावा, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. आधी खोली पाहावी, मग घरात असलेली ध्वनियंत्रणा पाहावी आणि टीव्हीच्या दुकानात त्यानंतरच पाऊल ठेवावे. आजच्या टीव्हीची जाडी इतकी कमी झाली आहे की त्यात बसणारे स्पीकर लहान असतात, आणि बहुतेक वेळा त्यांचे तोंड प्रेक्षकाकडे नसून जमिनीकडे किंवा मागच्या भिंतीकडे असते. चित्र वर्षागणिक सुधारत गेले, आवाजाला मात्र जागाच उरली नाही.

गोव्यात ही गोष्ट अधिक महत्त्वाची ठरते, कारण इथल्या अनेक घरांत चांगले अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर आधीपासून आहेत. बोटीवर किंवा आखातात नोकरी केलेल्यांनी आणलेले सान्सुई, पायोनियर, टेक्निक्स, अकाई यांचे संच आजही कितीतरी घरांत जपून ठेवलेले दिसतात. त्यांवर नाट्यसंगीत, अभंग आणि आकाशवाणीचे पणजी केंद्र ऐकत पिढ्या वाढल्या. असा संच चालू अवस्थेत असेल, तर नव्या साउंडबारवर (टीव्हीखाली ठेवायच्या आडव्या स्पीकरसंचावर) पैसे घालण्यापूर्वी तो टीव्हीला जोडता येतो का, हे पाहणे शहाणपणाचे आहे. बहुतेक वेळा तो जोडता येतो, आणि मध्यम किमतीच्या साउंडबारपेक्षा सरस वाजतो.

खोलीची पाहणी

एक मोजपट्टी घ्यावी आणि मुख्य आसनापासून टीव्हीच्या नियोजित जागेपर्यंतचे अंतर मोजावे. ४के टीव्हीसाठी पडद्याच्या कर्णाच्या साधारण १.२ ते १.६ पट अंतर योग्य मानले जाते. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्ही सुमारे सव्वाचार ते पावणेसहा फुटांवरून, ५५ इंची साडेपाच ते सव्वासात फुटांवरून आणि ६५ इंची साडेसहा ते साडेआठ फुटांवरून पाहावा. प्रत्यक्षात बहुतेक दिवाणखान्यांत अंतर यापेक्षा जास्त असते, त्यामुळे मोठा पडदा योग्य वाटू लागतो. पण इथे एक अट आहे. घरात मुख्यतः मराठी मालिका, स्थानिक वृत्तवाहिन्या आणि जुने चित्रपट पाहिले जात असतील आणि त्या वाहिन्या एसडी, म्हणजे कमी बारकाव्याच्या जुन्या दर्जाच्या, येत असतील, तर पडदा जितका मोठा तितके चित्र पसरट आणि धूसर दिसणार. अशा घराने गणिताच्या वरच्या टोकाला न जाता एक आकार खाली थांबावे.

रुंदीही मोजावी. ५५ इंची टीव्ही सुमारे १२२ सेंटीमीटर रुंद असतो, ६५ इंची सुमारे १४४ सेंटीमीटर. जुना अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन उभे स्पीकर त्याच भिंतीशी ठेवायचे असतील, तर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना किमान दीड-दोन फूट मोकळी जागा राहिली पाहिजे. लाकडी कपाटाच्या खणात टीव्ही अगदी चपखल बसवून स्पीकर वरच्या फळीवर चढवणे, ही आवाजाच्या दृष्टीने सर्वांत वाईट मांडणी होय.

उजेडाचे निरीक्षण संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान करावे. पश्चिमेला दार किंवा बाल्कांव (दारापुढचा बैठकीचा ओटा) असलेल्या घरात त्या वेळी तिरपे ऊन थेट आत येते. दारासमोरच्या भिंतीवर टीव्ही लावला, तर पडद्यावर दाराचेच प्रतिबिंब दिसत राहते. म्हणून दाराशी काटकोनात असलेली भिंत निवडावी. ते शक्य नसेल तर जाड पडदे लावावेत, किंवा कमी चकाकणारा आणि अधिक तेजस्वी पडदा असलेला टीव्ही घ्यावा.

छताकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. सध्या ‘डॉल्बी अ‍ॅटमॉस’ या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक साउंडबारमध्ये वरच्या दिशेने तोंड असलेले स्पीकर असतात. त्यांचा आवाज सपाट छतावर आपटून खाली प्रेक्षकाकडे यावा, अशी त्यांची रचना असते. मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपराखाली हा आवाज भलतीकडेच जातो आणि कौलांच्या फटींत व वाशांत विखुरतो. ज्यांचे दिवाणखाने कौलारू आहेत, त्यांनी ५.१.२ (पाच स्पीकर, खर्जाचा एक आणि वर तोंड असलेले दोन) मधील शेवटच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. तेच पैसे मधला, म्हणजे संवादांचा, वेगळा स्पीकर असलेल्या संचावर खर्च करावेत. सपाट स्लॅबच्या सदनिकेत, छत आठ-दहा फुटांवर असेल, तर वरच्या स्पीकरांचा खरोखर उपयोग होतो.

जुन्या संचाची तपासणी

अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे छापलेला व्होल्टेजचा आकडा सर्वांत आधी वाचावा. ही पायरी कोणीही वगळू नये. आखातातून आलेली यंत्रे बहुधा २२० किंवा २४० व्होल्टची असतात आणि आपल्या २३० व्होल्टवर चालतात. परंतु अमेरिकेच्या बंदरात घेतलेले यंत्र ११० ते १२० व्होल्टचे, आणि जपानमधील स्थानिक बाजारासाठी बनवलेले १०० व्होल्टचे असू शकते. काही यंत्रांच्या मागे व्होल्टेज बदलण्याची चकती असते, ती योग्य आकड्यावर आहे याची खात्री करावी. चकती नसेल आणि आकडा कमी असेल, तर यंत्राच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो न लावता प्लग घातला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि जुन्या यंत्राचा तसाच दुसरा मिळणे फार कठीण असते.

मग मागच्या खोबणी पाहाव्यात. लाल आणि पांढऱ्या गोल आरसीए खोबणींच्या जोड्या असतील आणि त्यांवर ऑक्स, टेप, सीडी, ट्यूनर, फोनो अशी नावे असतील. टीव्हीसाठी ऑक्स, सीडी किंवा टेपची ‘इन’ जोडी वापरावी. फोनोला टीव्ही कधीही जोडू नये: ती खोबण रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टच्या क्षीण संकेतासाठी असते, आणि तिच्यात खालचे सूर वाढवून वरचे कमी करणारी वेगळी रचना असते. टीव्हीचा संकेत त्याच्या शेकडो पट मोठा असल्याने आवाज फाटतो आणि स्पीकरलाही धोका पोहोचतो. टेपची जोडी वापरल्यास समोरचे टेप मॉनिटरचे बटण दाबावे लागते. ते न दाबल्याने ‘आवाजच येत नाही’ अशी तक्रार होते.

गोव्याच्या दमट हवेत बटणांच्या आत गंज धरतो, त्यामुळे आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते. यंत्राचा प्लग काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण दोन्ही टोकांपर्यंत वीसेक वेळा फिरवल्यास बहुधा ती थांबते. स्पीकरची जाळी काढून शंकूच्या कडेची फोमची पट्टी हलक्या हाताने तपासावी. ती हात लावताच भुगा होत असेल, तर ती बदलून घेतल्याशिवाय मोठ्या आवाजात वाजवू नये. पट्टी बदलता येते, त्यासाठी अख्खा स्पीकर टाकून देण्याची गरज नसते.

ज्यांच्याकडे पाच-सात स्पीकरांचा एव्ही रिसिव्हर, म्हणजे चित्र आणि आवाज दोन्ही घेणारा अ‍ॅम्प्लिफायर, आहे, त्यांनी त्याच्या एचडीएमआय आउट खोबणीखाली ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ ही अक्षरे आहेत का, ते पाहून लिहून ठेवावे. टीव्ही निवडताना ही नोंद सोबत असली पाहिजे.

टीव्हीची निवड

४३ इंच आणि त्यावरील आकारांत आता बहुतेक टीव्ही ४के, म्हणजे ३८४० गुणिले २१६० बिंदूंचे असतात, त्यामुळे त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. खरा फरक पडद्याच्या जातीत आहे.

साध्या एलईडी टीव्हीत एलसीडी पडद्यामागे दिवे असतात. क्यूएलईडीमध्ये रंग अधिक शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर जोडलेला असतो, परंतु दिव्यांची रचना साधीच असू शकते. मिनी एलईडीमध्ये मागे शेकडो किंवा हजारो बारीक दिवे गटागटांनी स्वतंत्रपणे मंद-प्रखर होतात, त्यामुळे काळा रंग गडद दिसतो आणि तेजही भरपूर मिळते. ओएलईडीमध्ये प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाश देतो. अंधाऱ्या खोलीत चित्रपट पाहण्यासाठी त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही, मात्र उजेडात तो मिनी एलईडीइतका तेजस्वी नसतो, आणि एकाच वृत्तवाहिनीची पट्टी वर्षानुवर्षे रोज तासन्‌तास चालू राहिल्यास तिचा डाग उमटण्याची शक्यता असते. दिवसा दार-खिडक्या उघड्या ठेवून बातम्या आणि मालिका पाहणाऱ्या गोव्याच्या सर्वसाधारण घरासाठी, ऐपत असेल तर मिनी एलईडी, नसेल तर चांगल्या तेजाचा क्यूएलईडी किंवा साधा एलईडी, हा माझा सल्ला आहे. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहण्याची आवड असलेल्यांनी ओएलईडीचा विचार जरूर करावा.

खोक्यावर ‘एचडीआर’ (उजळ आणि गडद भागांतला फरक अधिक ठळक दाखवण्याची सोय) छापलेले असणे आणि तो परिणाम पडद्यावर दिसणे यांत मोठे अंतर आहे. स्वस्त टीव्ही तो संकेत स्वीकारतात, पण त्यांचे तेज २५० ते ३०० निट्सच्या आसपास असल्याने फरक जाणवत नाही. किमान ६०० निट्स नसतील, तर एचडीआरसाठी वेगळी किंमत मोजू नये.

चित्राच्या गतीबद्दल दोन प्रकारच्या प्रेक्षकांचा विचार करावा लागतो. गोव्यात फुटबॉल पाहणारे घर सापडणे कठीण नाही. हिरव्या मैदानावरून चेंडू वेगाने जाताना त्याच्यामागे शेपूट दिसू नये असे वाटत असेल, तर १२० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा, पडदा उपयोगी पडतो. इथे ‘मोशन रेट’ यासारखे फुगवलेले आकडे सोडून पडद्याचा मूळ हर्ट्झ विचारावा. चित्रपटाची गोष्ट वेगळी आहे. २००४ पासून पणजीत भरणाऱ्या ‘इफ्फी’त, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, ज्यांनी पडद्यावरचे चित्रपट पाहिले आहेत, त्यांना सेकंदाला २४ चौकटींची ती लय ओळखीची असते, टीव्हीतील गती गुळगुळीत करणारी यंत्रणा चालू राहिली, तर तोच चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. म्हणून फिल्ममेकर किंवा सिनेमा मोड असलेला टीव्ही घ्यावा आणि चित्रपटासाठी तो मोड वापरावा.

आता आवाजाच्या दृष्टीने टीव्हीची मागची बाजू. किमान तीन एचडीएमआय खोबणी हव्यात, आणि त्यांपैकी एक ईएआरसी असावी. एआरसी ही सोय २००९ साली एचडीएमआय १.४ सोबत आली. टीव्हीकडून आवाज त्याच तारेने उलट दिशेने अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवणे, हे तिचे काम. तिच्यातून ५.१ डॉल्बी डिजिटल आणि ओटीटीवरील संकुचित स्वरूपातील अ‍ॅटमॉस जाऊ शकते. २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधील ईएआरसीची क्षमता त्याहून कितीतरी अधिक असल्याने ब्लू-रेवरील मूळ प्रतीचा, कोणतीही काटछाट न झालेला आवाजही जातो. याशिवाय ऑप्टिकल आउटची चौकोनी खोबण आहे की नाही, हे अवश्य पाहावे. काही नव्या टीव्हींतून ती काढली जात आहे, आणि जुना स्टीरिओ जोडायचा असेल तर तीच सर्वांत कामाची आहे. गेम खेळणारी मुले घरात असतील, तर १२० हर्ट्झ स्वीकारणाऱ्या खोबणी कोणत्या आणि ईएआरसी त्यांपैकीच एक आहे का, हेही विचारावे; कारण ती तशी असल्यास आवाज आणि गेम यांना मिळून एक खोबण कमी पडते.

टीव्हीतील अ‍ॅपच्या प्रणालीवरून निवड करू नये. चार-पाच वर्षांत ती संथ होते, आणि तेव्हा एक स्ट्रीमिंग स्टिक लावून काम भागते. पडदा आणि खोबणी मात्र बदलता येत नाहीत.

दुकानात टीव्ही भडक मोडवर ठेवलेले असतात. विक्रेत्याला सिनेमा किंवा स्टँडर्ड मोड लावायला सांगावे, आणि झगमगत्या नमुनाचित्राऐवजी आपल्या घरात येणारी एखादी साधी वाहिनी दाखवण्याची विनंती करावी. माणसांचे चेहरे, पांढरी साडी आणि काळे केस कसे दिसतात, ते पाहावे. बाजूला सरकून तिरप्या कोनातूनही पाहावे, कारण व्हीए जातीचा पडदा बाजूने फिका पडतो आणि आयपीएस जातीचा तितका पडत नाही. दिवाणखान्यात सगळेच समोर बसत नाहीत.

किमतीबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ३२ इंच आणि त्यावरील आकार यांतील कराचा फरक संपला आहे. चवथ आणि दिवाळीच्या सुमारास सवलती मिळतात, पण चवथीच्या आठवड्यात जोडणीसाठी माणूस वेळेवर मिळत नाही. म्हणून खरेदी सणाच्या पंधरा दिवस आधी करणे सोयीचे. कंपनीचा तंत्रज्ञ गोव्यातच असतो की शेजारच्या राज्यातून येतो, हे बिल होण्यापूर्वी विचारावे. सत्तरी, काणकोण किंवा सांग्यासारख्या तालुक्यांतील ग्राहकाने तर घरी येऊन दुरुस्ती मिळेल का, हे लेखी घ्यावे. परदेशातून कोणी टीव्ही आणून देत असेल, तर त्याची हमी भारतात चालते का, हा प्रश्न आधी सोडवावा.

भिंत

जुन्या गोमंतकीय घरांच्या भिंती जांभ्या चिऱ्यांच्या असतात. हा दगड सच्छिद्र असतो आणि पुष्कळ ठिकाणी चिरे मातीच्या गाऱ्यात रचलेले असतात. वर चुन्याचा किंवा सिमेंटचा गिलावा असल्याने भिंत भक्कम वाटते, पण काँक्रीटसाठी असलेली छोटी प्लॅस्टिकची गिट्टी ठोकून त्यावर पंधरा-वीस किलोचा टीव्ही टांगणे धोक्याचे आहे. भोक दोन चिऱ्यांच्या सांध्यात न घेता चिऱ्याच्या मध्यभागी घ्यावे, ड्रिलचा हातोडी मोड बंद ठेवावा म्हणजे दगड फुटत नाही, आणि लांब अँकर किंवा भोकात रसायन भरून बसवायचा बोल्ट वापरावा. अधिक खात्रीचा उपाय म्हणजे आधी जाड मरीन प्लायची फळी सहा-आठ ठिकाणी भिंतीला बसवून तिच्यावर टीव्हीची पट्टी लावणे. त्यामुळे भार वाटला जातो आणि टीव्ही व भिंत यांच्यात हवाही खेळते. कंपनीचा माणूस घाईत असतो, त्यामुळे भिंत चिऱ्याची आहे हे त्याला आधीच सांगावे.

नैर्ऋत्येचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो आणि जिथे जुलैत ओल येते, त्या भिंतीवर टीव्ही लावू नये. दुसरा पर्याय नसल्यास स्टँडवर ठेवून भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावा. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे एक मीटरवर असावा.

वीज

थ्री-पिन खोबणीत खरोखर अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. जुन्या घरांत तिसरे भोक असते, पण त्याला तार जोडलेलीच नसते. अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचा उपयोग निम्म्यावर येतो. आजचे टीव्ही व्होल्टेजचे चढउतार बऱ्यापैकी सोसतात, म्हणून स्टॅबिलायझरपेक्षा अर्थिंग आणि चांगला स्पाइक गार्ड यांवर खर्च करावा. घरात इन्व्हर्टर असल्यास तो साइन वेव्ह प्रकारचा असावा, कारण स्क्वेअर वेव्हवर जुना अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो.

जोडणी: जुना स्टीरिओ

टीव्हीच्या ऑप्टिकल आउटमधून निघालेली तार एका छोट्या डॅक यंत्रात जाते, आणि डॅकमधून लाल-पांढऱ्या आरसीए तारा अ‍ॅम्प्लिफायरच्या ऑक्समध्ये जातात. डॅकचे काम डिजिटल संकेताचा अ‍ॅनालॉग संकेत करणे हे आहे, आणि या कामापुरता साधा डॅक पुरतो.

सर्व यंत्रे बंद करून तारा जोडाव्यात. ऑप्टिकल तारेच्या टोकांवरील प्लॅस्टिकची टोपणे काढायची राहून जातात, ती आधी काढावीत. तार काटकोनात मोडू नये. टीव्ही सुरू करून साउंड आउटपुटमध्ये ऑप्टिकल निवडावे आणि डिजिटल आउटपुटचे स्वरूप ‘पीसीएम’ (डाव्या-उजव्या बाजूंचा साधा डिजिटल आवाज) करावे. हे दुसरे पाऊल विसरल्यास वाहिन्यांवर आवाज येतो, पण ओटीटीवरचा चित्रपट लावताच शांतता पसरते. कारण टीव्ही डॉल्बी संकेत पाठवतो आणि साध्या डॅकला तो उलगडता येत नाही. पीसीएम केल्यावर टीव्ही स्वतःच मधल्या स्पीकरचे संवाद डाव्या-उजव्या बाजूंत मिसळून देतो.

या पद्धतीत आवाज अ‍ॅम्प्लिफायरच्या बटणानेच कमी-जास्त करावा लागतो. टीव्हीच्या रिमोटनेच तो करायचा असेल, तर एचडीएमआय एआरसी स्वीकारणारा डॅक घ्यावा, तो सीईसीद्वारे (एचडीएमआय तारेतून एका यंत्राने दुसऱ्याला आदेश देण्याच्या सोयीने) रिमोटचे आदेश ऐकतो. टीव्हीच्या हेडफोन खोबणीतूनही ऑक्सला जोडता येते आणि रिमोट चालतो, परंतु आवाजाचा दर्जा टीव्हीतील स्वस्त परिपथावर अवलंबून राहतो. ब्लूटूथने जोडणे सर्वांत सोपे, पण आवाज ओठांच्या मागे पडतो. गाणी ऐकण्यापुरते ते ठीक आहे.

जोडल्यावर स्पीकरमधून सतत ‘हम्म’ असा आवाज आला, तर डिश किंवा केबलची तार क्षणभर टीव्हीतून काढून पाहावी. आवाज थांबला, तर दोन वेगवेगळ्या अर्थिंगांमुळे तयार झालेले वर्तुळ हे कारण आहे. ऑप्टिकल तारेतून वीज वाहत नसल्याने तिच्यामुळे टीव्हीपर्यंतचे वर्तुळ तुटते. गोव्यात जुन्या संचासाठी मी तिला प्राधान्य देतो ते याच कारणाने, आणि विजेच्या कडकडाटात डिशच्या तारेतून आलेला झटका तिच्यावाटे अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचत नाही, हा दुसरा लाभ.

जोडणी: साउंडबार किंवा रिसिव्हर

सेट-टॉप बॉक्स, स्टिक, प्लेअर हे सारे टीव्हीला, आणि टीव्हीच्या ईएआरसी खोबणीतून एक तार साउंडबारच्या किंवा रिसिव्हरच्या त्याच नावाच्या खोबणीत, ही सर्वांत सोपी रचना. रिसिव्हर जुना असेल आणि ४के एचडीआर पुढे पाठवत नसेल, तरीही ही रचना चालते, कारण चित्र त्याच्यातून जातच नाही.

तार जोडल्यावर टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी सुरू करावे. कंपन्यांनी त्याला वेगवेगळी नावे दिली आहेत: सॅमसंगमध्ये अ‍ॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. मग साउंड आउटपुट एचडीएमआय एआरसी करावे, डिजिटल स्वरूप ‘ऑटो’ किंवा ‘पासथ्रू’ ठेवावे, ईएआरसीचा पर्याय ऑटोवर आणावा. रिसिव्हरच्या मेनूतही एआरसी वेगळे सुरू करावे लागते, ते बहुधा बंद असते. एखादा ५.१ चित्रपट लावून रिसिव्हरच्या पट्टीवर डॉल्बीचे नाव उमटते का, पाहावे. सतत ‘पीसीएम’ दिसत असेल, तर टीव्ही आवाज डाव्या-उजव्या दोनच बाजूंत मिसळून देतो आहे, असे समजावे. सगळे बरोबर असूनही आवाज येत नसेल, तर दोन्ही यंत्रांचे प्लग दोन मिनिटे काढून, आधी टीव्ही आणि मग रिसिव्हर सुरू करावा. बऱ्याचदा तेवढ्याने ओळख पटते.

तार महाग घेण्याची गरज नाही. ४के ६० हर्ट्झसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’, १२० हर्ट्झसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असे लिहिलेली आणि तपासणीची खूण असलेली, दोन-तीन मीटरची तार पुरते. पाच मीटरच्या पुढे साध्या तारांत अडचणी सुरू होतात.

स्पीकरांची मांडणी

डावा स्पीकर, उजवा स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकरचा वरच्या सुरांचा भाग कानांच्या उंचीवर यावा. स्पीकर कोपऱ्यात ढकलल्यास बायाँचा घुमारा वाढतो, पण त्यात गायकाचे शब्द बुडतात. मागच्या भिंतीपासून एक-दीड फूट पुढे घेतल्यास ते मोकळे होतात. पाच मीटरपर्यंतच्या अंतरासाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरेशी आहे. लाल टोक लालला आणि काळे काळ्याला जोडलेले आहे, याची दोन्ही बाजूंना खात्री करावी. एका बाजूला उलट झाले तर आवाज येतो, पण खर्ज गायब होतो आणि गायक मध्यभागी उभा राहत नाही.

गोव्याच्या घरांत फरशी उघडी, भिंती कठीण आणि सामान मोजके असते, त्यामुळे आवाज घुमतो आणि संवाद अस्पष्ट होतात. स्पीकर आणि आसन यांच्या मधल्या फरशीवर एक जाड सतरंजी, समोरच्या खिडकीला कापडी पडदा आणि मागच्या भिंतीशी पुस्तकांचे उघडे कपाट, एवढ्याने जो फरक पडतो तो महागड्या तारांनी पडत नाही. तपासणीसाठी आपल्याला पाठ असलेले एखादे नाट्यपद किंवा अभंग लावावा. तंबोरा सतत ऐकू येतो का, गायकाचे शब्द स्पष्ट लागतात का आणि टाळ कानाला बोचतात का, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून स्पीकर थोडे आत-बाहेर वळवावेत. बोलणे ओठांच्या आधी ऐकू येत असेल, तर साउंडबार किंवा रिसिव्हरमधील ऑडिओ डिले थोडा थोडा वाढवत जुळवावा.

पावसाळ्यातील निगा

मे महिन्यातील वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा अधिक कडाडतात. त्या वेळी नुसता स्विच बंद करणे पुरेसे नाही: प्लग काढावा, डिशची किंवा केबलची तार काढावी आणि राउटरचा प्लगही काढावा, कारण झटका तारेने आत शिरून एचडीएमआय खोबणीच आधी जाळतो. जून ते सप्टेंबर टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर रोज तासभर तरी चालवावेत. आतल्या उष्णतेने ओल सुकते. घर बंद करून बाहेरगावी जाणाऱ्यांनी प्लग काढून, यंत्राशेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवून वर सुती कापड घालावे. प्लॅस्टिकच्या आवरणात ओल कोंडते. समुद्राजवळच्या घरांत खारी हवा खोबणींवर बसते, म्हणून वर्षातून दोनदा, वीज बंद करून आरसीए तारा काढाव्यात, फिरवून पुन्हा घालाव्यात, आणि काळ्या पडलेल्या टोकांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावावा. अ‍ॅम्प्लिफायरच्या वरच्या झरोक्यांतून मुंग्या आणि पाली आत जातात. त्यावर बारीक जाळी चालेल, पण कापड किंवा शोभेची वस्तू ठेवून झरोके झाकू नयेत.

पडदा पुसताना टीव्ही बंद आणि थंड असावा. कोरडे मायक्रोफायबरचे कापड वापरावे. खाऱ्या हवेचा थर बसला असेल तर कापड किंचित ओले करून हलक्या हाताने पुसावे, आणि पाणी थेट पडद्यावर कधीही फवारू नये, कारण ते खालच्या कडेतून आत उतरते.